ईट, एट, ईटन

शाळेत पाठ केलं होतं, पाढ्यासारखं, डुलत डुलत:
ईट, एट, ईटन.
त्याचं पुढे काय करायचं
ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं.
ते कळलं बहारीनला, हिद्दच्या सुक्या गोदीत,
वयाच्या अडतिसाव्या वर्षी,
जहाजाच्या पोटाखाली उताणा पडलेलो असताना.

रोमेल, आमचा फोरमन, मूळचा सेबूचा,
बॅटरी मारून पत्रा दाखवायचा:
"सॉल्ट ईट धिस, माय फ्रेंड."
हो, मिठानं खाल्लाय.
बारा मिलीचा होता, सात उरलाय.
गेजवर जो आकडा येतो
तो खाल्लेल्याचा नसतो, उरलेल्याचा असतो.

त्याच्या इंग्रजीत सगळंच खातं.
जुना जनरेटर डिझेल खातो,
ओव्हरटाइम शुक्रवार खातो,
मालकाला तोटा झाला तर मालक तोही खातो,
आणि बोलणं खोटं ठरलं
की माणूस स्वतःचे शब्द खातो.
मला हसू आलं.
आमच्याकडे शब्द खात नाहीत रे,
फिरवतात.

मग मीही त्याला शिकवलं.
आम्ही मार खातो, शिव्या खातो,
पाण्यात गटांगळ्या,
पाण्याबाहेर हवा.
मासळी उतरली नाही की साधा बांगडासुद्धा भाव खातो.
रोमेल माझ्या बरगड्यांकडे बघून म्हणाला,
एवढं खाऊन हे असे?

पैसे खातात
हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

रोहिदास पालशेतकर, असगोलीचा,
बावीस वर्षांचा, ब्लास्टिंगला हेल्पर.
त्याचा व्हिसा कंपनीनं फुकट दिला होता.
त्याच्या आईला मी फोनवर म्हटलं होतं,
काकी, साठ हजार लागतील,
वर द्यावे लागतात.
वर कोणी नव्हतं.
वर मीच होतो.

हा पोरगा रोज मेसमध्ये माझी जागा धरतो.
पाण्याचा ग्लास उलटा घालून ठेवतो बाकावर,
कोणी बसायला आलं तर म्हणतो, दादा येतायत.
कॅम्पची डाळ, कालचा खुबूस,
आणि त्याच्या खिशातून हॉर्लिक्सच्या बाटलीत सुकटीची चटणी,
आईनं दिलेली,
अर्धी माझ्या ताटात.
"जेवा ना, दादा."

एका रात्री शिफ्ट सुटताना
रोमेलनं मध्येच विचारलं,
"व्हॉट इज ईटिंग यू?"
मी आधी पायाकडे बघितलं,
काही चावतंय की काय.
त्यानं बोटानं माझ्या छातीवर टकटक केली,
पत्रा पोकळ झालाय का बघतात तशी.

उभ्या आयुष्यात
इतकं सोपं इंग्रजी कोणी बोललं नव्हतं माझ्याशी.
मन खातंय, रोमेल.
आमच्याकडेही अगदी हेच म्हणतात.
पण मी म्हटलं, नथिंग.

बंकवर पडून विचार करत राहिलो.
त्याच्याकडे एकच ईट.
आमच्याकडे दोन आहेत, खाणं आणि जेवणं.
खाणं उभ्यानं होतं, चालता चालता होतं,
दार लोटून, एकट्यानं होतं.
जेवायला बसावं लागतं.
कोणीतरी वाढावं लागतं.
कोणीतरी, अजून थोडं घे, म्हणावं लागतं.
पैसे खाता येतात.
जेवून बघ म्हणावं कोणीतरी.

पगाराच्या दिवशी मुहर्रकला
एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहिलो.
नव्वद दिनार, पहिला हप्ता.
पावतीवर त्यांचं नाव बघून घेतलं, स्पेलिंग दोनदा.
मग बाहेर येऊन, एसीच्या गळक्या पाइपाखाली,
फोन लावला.

बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं:
आधी तब्येत, मग पोराचं कौतुक, मग हळूच.
पण त्या आधीच म्हणाल्या,
"जेवलास काय रे, बाबा?"

नाही काकी, म्हटलं.
खाल्लेत.

"काय म्हणालास? लाइन बरोबर नाय."

तेव्हा पाइपाखालून बाहेर सरलो, उन्हात,
आणि पुन्हा म्हणालो.